अकरा मिनिटांची शांतता

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता सर कॉलेजच्या मागच्या इमारतीचे तीन जिने चढत. प्रत्येक वळणावर ते थांबत आणि आपण दम खायला नव्हे, खिडकीबाहेर बघायला थांबलो आहोत, अशी स्वतःची समजूत घालत. चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालणं सोपं जात नाही. पण निवृत्तीनंतर त्यांना तेही जमायला लागलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर कॉलेजचं रेडिओ केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, एक खोली. पूर्वी तिथे भूगोलाचे नकाशे ठेवत. भिंतींवर अजून खिळे होते आणि खिळ्यांवर आता जुन्या सतरंज्या टांगलेल्या होत्या. त्या आवाज गिळत. खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, दोन माइक, एक कॉम्प्युटर. दाराबाहेर लाल बल्ब. बल्ब लागला की कुणी आत यायचं नाही. फारच अडलं तर तीनदा टकटक करायची आणि उत्तराची वाट बघायची.

शनिवारचं काम ठरलेलं होतं. ‘येत्या आठवड्यात’ नावाचं पान तयार करायचं: कुणाच्या मुलाखती, ‘दुपारचे सूर’ या कार्यक्रमात कोणती गाणी. मग ते पान माइकवर वाचायचं आणि प्रत्येक मुलाखतीची तीस सेकंदांची चव द्यायची. नेहमी पहिलीच तीस सेकंदं. “माणूस कोण आहे ते पहिल्या तीस सेकंदांत कळतं,” असं सर म्हणत, आणि केंद्र चालवणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी म्हणे, “की सरांना पुढचं ऐकायचा कंटाळा येतो?” तिला सगळे कॅप्टन म्हणत, कारण ती जिन्यातसुद्धा रांग लावायला लावी.

गाणी निवडायचं काम सरांच्या बायकोचं. ती शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली होती. शनिवारी सर निघताना ती त्यांच्या खिशात एक चिठ्ठी घाली, सात दिवसांची गाणी, हिरव्या शाईत. केंद्राचा आवाज जेमतेम बस डेपोपर्यंत पोचे. सरांचं घर डेपोच्या अलीकडे होतं, दोन गल्ल्या. तेवढ्यावर भागत होतं.

आणि सरांची एक खोड होती. प्रत्येक मुलाखत संपली की ते पाहुण्याला बसवून ठेवत आणि एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मुलाखतीतला खोकला कापला तर त्या भोकाला त्याच शांततेचं ठिगळ लावावं लागतं. त्या मिनिटात हलायचं नाही, बोलायचं नाही. सर पडद्यावरचे सेकंद बघत बसत आणि साठ झाले की म्हणत, “झालं.” पाहुणे हसत. सर ती मिनिटं ‘शांतता’ नावाच्या फोल्डरमध्ये पाहुण्याचा धंदा आणि वार घालून जपून ठेवत.

२

त्या शनिवारी फोल्डरमध्ये एक फाईल जास्तीची होती. ‘शांतता – घड्याळवाले – गुरुवार’.

घड्याळवाले, म्हणजे कॉलेजच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ, येत्या गुरुवारी यायचे होते. सरांनी चष्मा पुसला. मग हेडफोन लावला.

दोन माणसांचे श्वास. एक स्वतःचा असणार, दुसऱ्याच्या नाकात बारीक शिट्टी वाजत होती. एकोणिसाव्या सेकंदाला खुर्ची करकरली. चाळिसाव्याला बाहेरून एक ढकलगाडी गेली, तिचं एक चाक खडखडत होतं. आणि शेवटी सरांचाच आवाज, “झालं.”

“कॅप्टन, ही फाईल कुणी ठेवली?”

“तुम्हीच, सर. तुमच्याशिवाय इथे शांतता कोण जपून ठेवतं?”

“पण माणूस अजून आलेलाच नाही.”

“मग वार चुकला असेल. मागच्या महिन्यात तुम्ही बुधवारी येऊन शनिवारची चिठ्ठी वाचली होती, आठवतंय? मी कुणाला बोलले नाही.”

ते खरं होतं, आणि म्हणूनच ते सरांना लागलं. गेलं वर्षभर ते स्वतःवर बारीक नजर ठेवून होते. किल्ल्या, नावं, गॅसचं बटण. त्यांनी मनाशी ठरवलं: जुन्या कुठल्या तरी पाहुण्याची फाईल, नाव चुकलं. एवढंच.

गुरुवारी घड्याळवाले आले. बोलके, जाडजूड, सर्दी झालेले. मुलाखत छान झाली. मग सर म्हणाले, “आता एक मिनिट हलू नका,” आणि सेकंद बघू लागले. नाकात शिट्टी वाजत होती. एकोणिसाव्याला खुर्ची करकरली. सरांची मान ताठ झाली. चाळिसाव्याला ढकलगाडी आली, खडखडत, आणि गेली.

“झालं,” सर म्हणाले. तो आवाज तसाच होता, हेडफोनमधून ऐकलेला, थोडासा घाबरलेला. शनिवारी त्यांना तो घाबरलेला वाटला नव्हता.

जतन करताना कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल आधीपासून आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? सरांनी ‘हो’ दाबलं. मग त्यांना कळलं की दोन्ही ताडून बघायची एकमेव संधी आपण स्वतःच्या बोटाने घालवली.

३

पुढच्या शनिवारी फोल्डरमध्ये ‘शांतता – पोस्टमास्तर – मंगळवार’ होती. मंगळवार यायचा होता. या वेळी सरांनी दार लावून ती तीनदा ऐकली.

एकच श्वास होता.

ते दिवसभर त्याचा विचार करत राहिले. पोस्टमास्तर माइकपासून लांब बसले असतील. माइक बंद राहिला असेल. वर्गात ते मुलांना बजावून सांगत, की एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. इथे तर दुसरी आधीच घडून बसली होती. याला काय म्हणायचं, ते त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

मंगळवारी अकरा वाजता ते खोलीत बसून राहिले. सव्वाअकराला कॅप्टन दारात आली. तिचा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

“सर, पोस्टमास्तरांच्या मुलीचा फोन होता. पहाटे झोपेतच…”

“हो,” सर म्हणाले.

ती काहीतरी आणखी बोलली आणि गेली. सर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की लाल बल्ब लागलेला आहे आणि पडद्यावर सेकंद पळताहेत. रेकॉर्डिंग त्यांनीच सुरू केलं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. हाताला सवय, दुसरं काय. साठ झाले तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

ती फाईल खरी व्हायला एक माणूस लागत होता. तो माणूस तेच होते.

४

“येत्या शुक्रवारी दुपारच्या सुरांचा शंभरावा भाग,” कॅप्टन म्हणाली. “मी ठरवलंय. मुलाखत गाणेबाईंची. शंभर भागांची गाणी त्यांनी निवडली, आणि त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. मी फोन करून विचारलं, त्या हो म्हणाल्या. तुम्ही विचारायचे प्रश्न, सर. नवऱ्याने बायकोला प्रश्न विचारायचे, म्हणजे सगळं गाव ऐकेल.”

गाणेबाई म्हणजे सरांची बायको.

“तिला तीन जिने झेपणार नाहीत,” सर म्हणाले.

“मी हात धरून आणीन. मला अकराला तास आहे, पण आधी त्यांना वर पोचवते. तास संपला की येऊन टकटक करते.”

ती गेल्यावर सरांनी फोल्डर उघडलं. उघडायचं नाही असं ठरवून उघडलं. सरांची एक जुनी लकब होती, चारचौघांत बायकोला ते ‘आमची मंडळी’ म्हणत. फाईल तिथे होती: ‘शांतता – मंडळी – शुक्रवार’. हे नाव दुसरं कुणी दिलं नसतं.

बाकी सगळ्या फाईली एका मिनिटाच्या होत्या. ही अकरा मिनिटांची होती.

एकच श्वास. संथ, जरा घरघरता. चाळिसाव्या सेकंदाला तो तुटला. मग मोठ्याने हवा आत ओढल्याचा आवाज, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. त्यानंतर श्वास चालूच राहिला, पण भराभर. दोन मिनिटं होता होता कागद जमिनीवर पडावा तसा हलका आवाज आला. पुढे काहीच नाही, तो श्वास आणि खोली. “झालं” कुणी म्हटलं नाही. अगदी शेवटी दारावर तीनदा टकटक, कडी वाजली, आणि संपलं.

सरांनी फाईल पुसायला बोट उचललं. पण एकच श्वास उरणार असेल आणि तो तिचा असेल, तर? तो पुसायचा? त्यांनी बोट खाली घेतलं.

५

दुपारी ती कुशीवर झोपली होती. सर पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले आणि ऐकू लागले. बेचाळीस वर्षं या श्वासाशेजारी काढली, आणि आता तो ओळखता येईना. फाईलमधला असाच होता. किंवा नव्हता.

“मेलेय का बघताय?” ती डोळे न उघडताच म्हणाली.

“काहीतरीच बोलतेस.”

“मग काय बघताय?”

“ऐकत होतो. तू झोपेत घोरतेस का ते.”

“बेचाळीस वर्षांनी चौकशी सुरू झाली का?” ती उठून बसली. “अहो, चेहरा का असा? परवा जिन्यात चक्कर आली का? मला सांगा, लपवू नका.”

सरांनी कामाचं काहीतरी सांगितलं. मग त्यांना सुचलं. ते स्वयंपाकघरात गेले, पेन ड्राइव्ह रेडिओच्या मागे खुपसला आणि म्हणाले, “हे जरा ऐक. कोण आहे सांग.”

सवयीने त्यांनी तीच काढली होती, पहिली तीस सेकंदं.

ती कान देऊन ऐकत राहिली. मग हसली. “ही मीच की! जिना चढून आल्यावर माझं असंच होतं, शेवटी जरा घरघर. कधी चोरून घेतलंत हे?”

“नक्की तूच?”

“गाण्याच्या बाईला श्वास विचारताय? वर्गात चाळीस पोरं असली तरी चुकीच्या जागी श्वास कुणी घेतला ते मी पाठ करून उभी असताना सांगायची. तुमचा तर इथे ओट्याशी ऐकू येतो. प्रश्न विचारण्याआधी तुम्ही नाकातून घेता, भित्र्या माणसासारखा. तेवढ्यासाठी तर रेडिओ लावते मी. प्रश्न काय, असेच असतात.”

सर खुर्चीवर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले. फाईलमध्ये एकच श्वास होता, आणि तो तिचा होता. म्हणजे शुक्रवारी खोलीत जो श्वास नसेल तो त्यांचा. सगळं जुळत होतं. चाळिसाव्या सेकंदाला तिने समोर पाहिलं असणार, म्हणून ती हबकली. कागद पडला तो त्यांच्या हातातला, प्रश्नांचा. आणि मग ती बिचारी नऊ मिनिटं तशीच बसून राहिली, कॅप्टन येईपर्यंत. त्यांना तिची फार दया आली. पण भीती गेली होती.

६

शुक्रवारपर्यंत सरांनी तिला पाण्याच्या टाकीचा कॉक कुठे आहे ते दाखवलं, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला, धाकट्या मुलीला फोन करून रविवारी येऊन जा म्हणून सांगितलं.

“कॉक मला माहीत आहे,” बायको म्हणाली. “दर वेळी तुम्ही उलटा फिरवता म्हणून मीच जाऊन सरळ करते. कुठे दौऱ्यावर निघालात की काय?”

“असू दे ग. माहीत असलेलं बरं.”

“मुलाखत माझी आहे आणि घाबरलेत हे,” ती भिंतीवरच्या नंबराला म्हणाली.

त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मुलाखत रद्द करावी असंही दोनदा मनात आलं. पण तिने आठवडाभर आधी निळी साडी काढून ठेवली होती, आणि पोस्टमास्तर काही खोलीत येऊन मेले नव्हते. ते घरी, अंथरुणात गेले होते. शुक्रवार कुठेही आला असता. निदान तिच्यासमोर यावा.

७

जिने चढून आल्यावर ती धापा टाकत होती. कॅप्टनने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, “सर, भांडू नका हं माइकवर,” म्हणून बजावलं आणि तासाला पळाली. दार लागलं. लाल बल्ब लागला.

तिने हेडफोन लावायला नकार दिला, केस विस्कटतात. सरांनी आपला लावला. ती पाऊण तास बोलली, आणि सर जन्मात इतके नीट ऐकत बसले नव्हते. एकदा पूर्ण वर्ग एका सुरात आला होता आणि तिला रडू फुटलं होतं, ते तिने सांगितलं. बेचाळीस वर्षांत त्यांना ते माहीत नव्हतं. शेवटी तिने शंभराव्या भागाची गाणी वाचून दाखवली, हातातल्या चिठ्ठीवरून, हिरव्या शाईतली.

सर आभार मानून थांबले. आता बटण दाबून बंद करावं. शांतता घेऊच नये. हे त्यांना आत्ताच सुचलं, इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

“आणि आता ते तुमचं मिनिट,” ती म्हणाली. “त्याची तर मी वाट बघत होते. शंभर माणसांना गप्प बसवलंत, मला कधी बसवणार? चला, शिस्त म्हणजे शिस्त. बोलू नका आता.” तिने ओठांवर बोट ठेवलं, मग हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

सरांनी मुलाखतीचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि शांततेसाठी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.

हेडफोनमध्ये दोन श्वास होते. तिचा, संथ, शेवटी घरघरता. आणि त्यांचा.

सर पडद्याकडे बघत राहिले. आकडा अजून शून्यावर होता. दोन श्वास नकोत, फाईलमध्ये एकच आहे. हे जुळत नाही. आणि जुळलं नाही तर कुठला श्वास राहील, हे कोण ठरवणार? त्यांना पोस्टमास्तरांच्या दिवसाचं आपलं बोट आठवलं, आपोआप बटण दाबणारं. मग त्यांना काय करायचं ते कळलं. फार सोपं होतं. त्यांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

आता एकच उरला. तिचा. आत, बाहेर. आत, बाहेर. बारा. वीस. छाती दुखू लागली. ते मनात म्हणाले, घे, घे, असाच घेत राहा. सत्तावीस. कानशिलं ठोकत होती. तिसाव्याला, जिथे त्यांनी तिच्यासाठी आवाज कापला होता, तिथे त्यांना वाटलं आपण जिंकतोय. चौतीस. तिचा श्वास बाहेर गेला. अडतीस. त्यांनी तो परत आत येण्याची वाट पाहिली. डोळ्यांसमोर काळे ठिपके आले. एकोणचाळीस.

चाळिसाव्या सेकंदाला त्यांच्या शरीराने त्यांचं ऐकलं नाही. तोंड आपोआप उघडलं आणि मोठ्याने हवा आत ओढली गेली, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी.

तो आवाज त्यांनी ओळखला.

ते पडद्याकडेच बघत राहिले. हेडफोनमध्ये श्वास चालू होता, एकच, भराभर. त्यांनी तो नीट ऐकला. नाकातून येत होता, भित्र्या माणसासारखा. दुसरा आपण घेतल्यावर थांबला की त्याआधीच थांबला होता? एवढा एकच प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचं उत्तर फाईलमध्येसुद्धा नव्हतं.

साठ झाले. “झालं” म्हणायला तोंड उघडेना. जोवर म्हटलं नाही, तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. नव्वद. शंभर. प्रश्नांचा कागद त्यांच्या मुठीत घट्ट होता. तो पडला नव्हता.

पडद्याच्या कडेला, नजर न वळवताही दिसावं इतक्या जवळ, टेबलावर तिचा हात होता. बोटं हळूहळू सैल झाली. हिरव्या शाईची चिठ्ठी त्यांतून घसरली, टेबलाच्या कडेवर क्षणभर थांबली आणि खाली पडली. अगदी हलका आवाज झाला.

सरांनी मान वर केली नाही. लाल बल्ब लागलेला होता, कुणी आत येणार नव्हतं. टकटक व्हायला अजून नऊ मिनिटं होती.